गणित-दोनचा चार्ज

सेकंड सेमिस्टरच्या गणितात यश कसं मिळवावं, यावर सल्ला न देणारा माणूस मला भिलाईत अजून भेटायचा आहे. सेक्टरच्या दूध बूथवर पिशवी घेऊन उभं राहिलं तरी शेजारचे एखादे काका सांगतात, "रोज दस सवाल बनाओ, बस." त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार आहे. ज्यांचा मुलगा अमेरिकेत असतो ते वीस सांगतात. आमच्या गावात पोलाद तयार होतं असं शाळेच्या भूगोलात होतं, पण खरं उत्पादन वेगळंच आहे. दर वर्षी गल्लीगल्लीतून इंजिनिअर बाहेर पडतात, आणि ज्या घरातून पडत नाही त्या घराकडे लोक बंद पडलेल्या भट्टीकडे बघावं तसं बघतात.

आमच्या घरातून मी पडणार होते. जुनवानीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला तेव्हा आईने हॉलमधल्या निळ्या कोटातल्या फोटोला नवा हार घातला. त्या फोटोतल्या माणसाने किती डिग्र्या घेतल्या हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं, त्यामुळे माझ्यावर काही दडपण नव्हतं असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या सेमिस्टरला मी गणिताचा अभ्यास फार मन लावून केला. दुर्गच्या बाजारात सोडवलेल्या पेपरांची पुस्तकं मिळतात, त्यातली तीन आणली आणि कादंबरीसारखी वाचून काढली. प्रत्येक पायरीला मी मान डोलवायची. पुढे काय होणार याची उत्सुकता वाटायची, शेवटी उत्तर आलं की समाधानही वाटायचं. परीक्षेत मात्र कोणीतरी नुसते प्रश्नच छापले होते, पुढच्या पायऱ्या छापायला विसरले होते. फेब्रुवारीत निकाल लागला. बाकी सगळं निघालं, गणित-एक अडकलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय झालं रिझल्टचं?"

मी म्हटलं, "सब क्लिअर."

हिंदीत म्हटलं, हे मला नंतर लक्षात आलं. बाहेर दिवसभर आम्ही हिंदीच बोलतो, मराठी फक्त घरात. खोटं बोलताना घरातली भाषा तोंडात आली नाही, एवढी लाज तेव्हा शिल्लक होती.

बाबा प्लांटमध्ये पंप हाऊसचे ऑपरेटर. आयटीआय करून विदर्भातल्या खेड्यातून आले आणि तीस वर्षं पंपांचे आवाज ऐकले. घरी फारसं बोलायचे नाहीत. मशिनच्या आवाजात बोलायची सवय मोडली असावी. माझं "सब क्लिअर" ऐकून ते उठले, स्कूटर काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या ए शिफ्टला जाताना सोबत किलोभर पेढे नेले. अख्ख्या पंप हाऊसला वाटले. पोरगी पहिल्या झटक्यात क्लिअर झाली म्हणून.

आता प्लांटच्या गावात गुपित ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. बाबांच्या शिफ्टमधल्या एका काकांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. काकांनी पहिल्या दिवशी दोन पेढे खाल्ले. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये, चार माणसांसमोर, त्यांनी बाबांना सहानुभूतीने सांगितलं की गणितात तर निम्मा वर्ग अडकलाय, तुमच्या मुलीचंही ऐकलं, वाईट वाटलं. कॉलेजच्या वेबसाइटला निकाल उघडायला अर्धा तास लागतो. कॅन्टीनचा वेग तिला कधी जमणार नाही.

बाबा घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मला आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "त्याइले समजलं." मग मी दोन दिवस वाट पाहिली. बाबा ओरडले असते तर मी रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं, अशी माझी सोपी योजना होती. ते ओरडलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक लांबट रजिस्टर ठेवलं. दुर्गहून आणलेलं, आणि स्वतः पट्टी घेऊन रकाने आखलेलं. तारीख. काय चालू. काय बंद. शेरा. चार्ज देणार. चार्ज घेणार. पंप हाऊसात शिफ्ट संपवणारा चार्ज देतो आणि येणारा राउंड मारून, सगळं स्वतः बघून तो घेतो, तसलं.

"मी तुह्या बोलण्यावर चार्ज घेतला," ते म्हणाले. "राउंड नाही मारला. चूक माही आहे. आता रोज लिहाचं. काय चालू आहे, काय बंद आहे, कायचा आवाज येऊन राहिला. मी वाचून सही करीन."

ज्या माणसाने माझ्यामुळे चार माणसांत मान खाली घातली तो मला म्हणत होता की चूक त्याची. मला इतकी लाज वाटली की मी चिडले. माझं हे असंच आहे, लाज वाटली की मला राग येतो, आणि तो समोर असेल त्याच्यावर निघतो.

कॉलेजचा नियम सगळ्यांना माहीत होता. गणित-एक अडकलेलं असताना गणित-दोनही अडकलं तर दुसऱ्या वर्षात बसता येत नव्हतं. वर्ष गेलं. बाबांना दुसऱ्यांदा कॅन्टीनमध्ये जाऊन बसावं लागलं असतं, आणि या वेळी पेढ्यांशिवाय. हे मला कळत होतं. तरी पहिले तीन दिवस मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: डबल इंटिग्रल, नॉर्मल. डिफरन्शियल इक्वेशन, नॉर्मल. व्हेक्टर, नॉर्मल. बंद, काही नाही.

चौथ्या दिवशी बाबांनी चष्मा लावून तीनही पानं वाचली.

"तीन दिवस सगळं नॉर्मल?"

"हो."

"तीस वर्षांत माह्या पंप हाऊसात असा एक दिवस नाही गेला." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "चल, राउंड मार. दाखव मले तुहं डबल इंटिग्रल."

मी हसले. मग लक्षात आलं की ते खरंच बसलेत. मग मी दाखवायला लागले. दुहेरी बेरीज, आधी या दिशेने, मग त्या दिशेने, आणि कधीकधी दिशांचा क्रम बदलावा लागतो, कारण एखादं फंक्शन असं असतं की सरळ मार्गाने गेलं तर जन्मात सुटत नाही, दिशा बदलली की दोन ओळींत सुटतं. दिशा बदलली की लिमिटही बदलतात. एवढं मी एका दमात सांगितलं आणि वही मिटली.

"ते बदलते म्हंते, ते कायले बदलते?"

"बदलतातच. नियम आहे."

"कोणाचा?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात दुसऱ्या पायरीत बदललेली होती, म्हणून बदलत होती. बाबांनी पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं: चार्ज घेतला नाही.

"म्हणजे काय?"

"रिलीव्हरनं चार्ज नाही घेतला तं जुन्या माणसाले जाता येत नाही. डबल करावं लागते, लागोपाठ दुसरी शिफ्ट."

त्या संध्याकाळी मला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. नवा ड्रेस इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळतं तरी का?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणून तं तू सांग."

दहावी आणि आयटीआय झालेला माणूस मला इंजिनिअरिंगच्या गणितात नापास करत होता, आणि त्याच्याकडे त्यासाठी लागणारी एकच पात्रता होती, की तो उठत नव्हता. आईने पलंगावरचा ड्रेस उचलून कपाटात ठेवला. मी चिडून रजिस्टर ओढलं आणि 'बंद' या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं: लिमिट का बदलतात ते माहीत नाही. ऑर्डर बदलताना खालची मर्यादा कधी शून्य घ्यायची आणि कधी x, ते समजत नाही.

बाबांनी वाचलं. "आता झालं हे लिहिणं," म्हणाले, आणि खाली सही केली. बंद आहे असं लिहिलेल्या पानावर सही होते, नॉर्मलवर होत नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. तो ना दूध बूथवर मिळाला होता, ना त्या तीन पुस्तकांत.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी जसंच्या तसं गणिताच्या सरांसमोर ठेवलं. आमचे सर हुशार होते, म्हणून त्यांना सगळंच ऑब्वियस वाटायचं. फळ्यावर मधल्या चार पायऱ्या गाळून ते "इट इज ऑब्वियस, घर पे देख लेना" असं म्हणायचे, आणि घरी पाहणाऱ्यांच्या पिढ्या बर्बाद व्हायच्या. पण माझा प्रश्न ऐकून ते थांबले. म्हणाले, "पहली बार किसी ने सवाल पूछा है. बाकी सब कहते हैं सर, कुछ समझ नहीं आया. कुछ नहीं का मैं क्या करूँ?" आणि मग लगेच मूळ स्वभावावर येऊन, "एरिया ड्रॉ करो. ऑब्वियस है."

मी एरिया ड्रॉ केला. त्रिकोण आला. त्रिकोणाकडे मी आठवडाभर बघत होते आणि तो माझ्याकडे. रोज बाबा राउंडला यायचे. त्यांची शिफ्ट बदलली की माझी वेळ बदलायची. ए शिफ्ट असली की संध्याकाळी, बी शिफ्ट असली की सकाळी कॉलेजच्या आधी. रोज मी त्याच त्रिकोणापाशी अडखळायची आणि रोज रकान्यात तेच लिहायची. बाबा त्यावर न चुकता सही करायचे. बंद पंपावर रोज नवीन काय लिहायचं असतं.

मग रविवार आला आणि आईने मागच्या अंगणात मुगवड्या घालायला काढल्या.

क्वार्टरच्या मागचं अंगण केवढं असतं ते क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना माहीत आहे. त्यात शेजारच्या जिन्याची भिंत सकाळी आमच्याकडे तिरपी सावली टाकते. आईने चौकोनी प्लॅस्टिक अंथरलं होतं, पण त्याच्यावर ऊन पडलं होतं ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं कापल्यासारखं, निम्म्यात. आई फक्त उन्हात वड्या घालत होती. डावीकडून सुरू केलेली पहिली उभी रांग पार लांब. दुसरी सावलीची कड सोडून थोडी वरून सुरू झालेली, तिसरी अजून वरून, आणि शेवटच्या रांगेत कोपऱ्यात एकच वडी.

मी दारात उभी राहून ते बघितलं आणि वही आणायला आत धावले.

बाबा खाटेवर चहा पीत होते. मी त्यांना अंगणात आणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता राउंड मारला. आई उभ्या रांगा घालतेय. प्रत्येक रांग कुठून सुरू होते? सावली संपते तिथून. म्हणून खालची लिमिट शून्य नाही, सावलीची कड आहे, आणि कड प्रत्येक रांगेला वेगळी आहे. आता समजा आईने आडव्या रांगा घातल्या. मग रांग प्लॅस्टिकच्या काठापासून सुरू होईल, म्हणजे शून्यापासून, आणि सावलीपाशी संपेल. कड तीच, पण आता ती शेवटाला आली. वड्या तेवढ्याच. नियम वगैरे कोणाचा काही नाही. दोन्हीकडे शून्यापासून एकपर्यंत घेतलं तर...

"तं सावलीतही वड्या पडतीन," बाबा म्हणाले.

"त्या वासतीन मग," आई खाली बघतच म्हणाली. "आन् ऊन सरकल्यावर काय करशील?"

"ते तिसऱ्या सेमिस्टरला आहे," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी वड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन रजिस्टर आणलं. 'बंद' मधली ओळ माझ्याकडून खोडून घेतली, ती 'चालू' मध्ये लिहायला लावली आणि शेऱ्यात लिहिलं: चार्ज घेतला. मला वाटतं मला त्या दिवसाइतका आनंद पुढे डिग्री घेतानाही झाला नाही. डिग्रीच्या दिवशी मुळात खुर्च्याच कमी होत्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. झालं असं की माझा 'बंद' चा रकाना रोज भरायला लागला. जितकं समजायचं तितकं काय काय समजत नाही ते कळायचं. मार्चभर माझं रजिस्टर वाचून कोणालाही वाटलं असतं की हे पंप हाऊस त्वरित पाडून टाकावं. व्हेक्टर, चालू, पण लवकर गरम होतं. सिरीज, आवाज येतो, कुठून ते शोधणे. एकदा कंटाळून मी लिहिलं, ऑपरेटरच बंद. बाबांनी त्याच्यावरही सही केली आणि त्या दिवशी राउंड घेतला नाही, मला चौकात नेऊन गुपचूप खाऊ घातले. भिलाईत पाणीपुरीला गुपचूप म्हणतात. आम्ही दोघांनीही ते नावाप्रमाणे खाल्ले.

एप्रिलपर्यंत मला माझ्या शिकवण्याचा चांगलाच गर्व चढला होता. आयटीआय झालेल्या माणसाला मी पोलर कोऑर्डिनेट समजावून देत होते. ते मान हलवत होते, बरोबर जिथे मी कच्ची असेन तिथेच बोट ठेवत होते. "हे पुन्हा सांग." नेमकं तेच. मी मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा संधी मिळती तर प्रोफेसर झाले असते. आणि ती माझी शिकवण्याची पद्धत असणार, असंही सुचवायची.

मेमध्ये, पंखे गरम हवा फिरवत असताना, पेपर झाला. त्रिकोण आला होता. मी पेपरात मनातल्या मनात आधी सावली आखली आणि मग वड्या घातल्या. एक सिरीजचा प्रश्न मात्र अर्ध्यात अडला. पहिल्या सेमिस्टरला मी अशा ठिकाणी खाली काहीतरी गिचमिड करून शेवटी उत्तर लिहून टाकायची, तपासणारा झोपेत असेल या आशेवर. या वेळी हाताला सवयच लागली होती. मी रेघ मारली आणि इंग्रजीत लिहिलं की इथपर्यंत बरोबर आहे, पुढची पायरी शंकास्पद, अपूर्ण सोडलं आहे. बाहेर आल्यावर मला घाम फुटला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शिफ्टचा शेरा लिहून येणारी मी जगात एकटीच असेन.

घरी बाबांनी पेपर कसा गेला असं विचारलं नाही. "काय बंद राहिलं?" विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाले.

निकाल जुलैमध्ये लागला, भर दुपारी. बाबा ए शिफ्ट करून अडीचला आले, मोरीपाशी साबणाने हात धुवायला बसले. मी फोन घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले.

"बाबा, गणित-दोन निघालं. अठ्ठावन्न."

"आन् बाकी?"

"बाकी पण निघालं. गणित-एक अजून बंद आहे. सप्लिमेंटरीला बसते. दुसऱ्या वर्षात जाता येतं."

"हाव," ते म्हणाले. टॉवेलने हात पुसले, खुंटीवरची स्कूटरची चावी काढली. मी फोन पुढे केला. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी हेच करायला हवं होतं, असं मला वाटत होतं, आणि आता मला त्यांना दाखवायचंच होतं.

"बघून तर घ्या."

"मले त्यातलं काय समजते?"

"काय समजतं म्हणजे? चार महिने राउंड मारला ना आपण."

"तेव्हा तरी कुठं काय समजलं." ते चप्पल घालत होते. "त्या वड्यांचं समजलं. बाकी काहीच नाही समजलं मले."

मला हे पचायला वेळ लागला. चार महिने मी ज्याला प्रोफेसर करत होते तो माणूस माझ्यासमोर उभा राहून सांगत होता की त्याला त्यातलं काही कळलंच नाही.

"मग बरोबर तिथेच कसं विचारायचे तुम्ही, पुन्हा सांग म्हणून?"

"तुले येत नसे तिथं तू घाई करे," ते म्हणाले. "येत असे तिथं हळू बोले. पंपाचंही असंच असते, बिघडला का आवाज बदलते."

"आणि आत्ता?"

"आत्ता हळू बोलली."

आणि ते फोनकडे न बघता निघून गेले. परत आले तेव्हा स्कूटरच्या हँडलला पेढ्यांची पिशवी होती. मी पुन्हा म्हटलं नाही, बघा म्हणून. आईने एक पेढा फोटोपुढे ठेवला, एक माझ्या हातावर, आणि बाकीचा डबा बाबांच्या ड्यूटीच्या पिशवीत गेला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते बाबांनी मला सांगितलं नाही. ते मला आठवड्याने वर्गात कळलं, त्याच काकांच्या मुलाकडून, कारण कॅन्टीनची बातमी दोन्ही दिशांनी धावते. बाबांनी त्याच शिफ्टला, त्याच माणसांना पुन्हा पेढे वाटले. काकांनी दोन उचलले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "इस बार रिझल्ट देख लिया ना आपने?"

बाबा म्हणाले, "नहीं. बेटी ने बताया है."